चोवीस ताऱ्यांना डोळे

हॅलो?… हां साहिल, बोल. येतोय आवाज, बोल तू…

पेणच्या कारखान्यात नम्रताने फोन खांद्याने कानाशी दाबला आणि हाताचं ओलं प्लास्टर फडक्याला पुसलं. साहिल रोह्याजवळच्या अष्टमीचा, आता शारजात प्रदर्शनं मांडतो. त्याच्या वडिलांनी वीस वर्षं आखातातल्या भिंतींवर प्लास्टरची नक्षी कोरली आणि परत आल्यावर ती नम्रताला शिकवली. गणपतीचे साचे काढणाऱ्या घरातली ही बाई त्या जुन्या अरबी नक्षीतून आज स्वतःची नवी कामं करते. तिच्या नावाचं पहिलं पॅनल, चोवीस ताऱ्यांच्या नक्षीचं, दोन दिवसांनी शारजाच्या प्रदर्शनाला निघायचं होतं.

काळे ठिपके? कुठे?… अरे कसले ठिपके, ताऱ्यांचे मध्य मी मोकळेच सोडलेत… नाय रे, फोटो दिपिकाने पाठवला सकाळी. माझी लेक. मी तेव्हा एसटीत होते, नागोठण्याला… थांब जरा, बघून सांगते.

तिने खिडकीतल्या पॅनलवरचं कापड सारलं. चोवीस ताऱ्यांतून चोवीस बुबुळं तिच्याकडे बघत होती. प्रत्येकात पांढऱ्या चमकेचा थेंबसुद्धा.

हं… आहेत. डोळे आहेत ते, साहिल… हसू नकोस… केरूकाका, आणखी कोण. पन्नास वर्षं मूर्तींचे डोळे आखतोय तो माणूस. शेवटचा हात त्याचा. डोळ्यांवाचून काम दाराबाहेर जात नाय, हा इथला नेम. काल मी रोह्याला मुक्कामाला गेले. ह्याने बघितलं, काम बांधायला काढलंय आणि डोळे राहिलेत. बाई विसरली असेल, मग बसला रात्रीपर्यंत… हो, सुंदर काढलेत. तेच तर दुखणं आहे.

आपलं नाव ऐकून कोपऱ्यातल्या केरूने कुंचला खाली ठेवला.

काय सांगायचं तुमच्या प्रदर्शनाच्या मॅडमना?… हे डोळे म्हणजे कोकणची नजर? मुद्दाम केलंय म्हणून? कुठे शिकलास रे असलं बोलायला… नाय. अरे ऐक ना माझं. तुझ्या अब्बांनी सहा महिने मला नुसतं वर्तुळ काढायला लावलं. तारा कितीही फुलू दे, परकाराचं टोक टेकलं ती मधली जागा रिकामी ठेवायची, म्हणाले. का, असं विचारलं तर म्हणाले, आधी चहा ठेव… हां, तसेच होते ते. त्या जागेवर मी गोष्ट रचून विकणार नाय.

घासून नाय जायचं, रंग पिऊन टाकलाय प्लास्टरने… नवीन ओतून वाळणार कधी?… चारपर्यंत उत्तर हवंय, नायतर माझं नाव काढणार? बरं. काढू देत. पण आधी हे सांग त्यांना. डोळा आहे तिथे आरपार कोरायचं. प्रत्येक ताऱ्याच्या मध्यातून उजेड आला पाहिजे… तडकू शकतं, वाळलंय ते. तडकलं तर पॅनल गेलं… माझ्या हाताने नाय, केरूकाकाच्या. माझा हात बरा आहे, त्याचा हलत नाय.

फोन ठेवू नकोस… काका, ये इकडे. रागावले नाय मी. डोळे झकास झालेत, पण ह्याला नाय लागत… देवाला लागतात, हो. ह्याला नाय. ही घे कोरणी, कोपऱ्यातला पहिला… साहिल, गप्प बस दोन मिनिटं.

केरूने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. कोरणी बुबुळाच्या कडेकडेने फिरली, श्वास घ्यायला एकदा थांबली, परत फिरली. काळी टिकली पलीकडे पडली. पॅनल जागच्या जागी.

निघाला… नाय, कुठेच नाय तडकलं. उन्हाचा ठिपका पडलाय माझ्या पदरावर. पाठवला बघ फोटो… दाखव त्यांना. आणि सरळ सांग, चूक आमच्या कारखान्यात झाली, आम्हीच कोरून काढतोय… हां, थांबते.

…काय म्हणतात? परत सांग… उरलेले तेवीस कधी?

नम्रताने केरूकडे बघितलं. तो दुसऱ्या ताऱ्याशी पोचलासुद्धा होता.

उद्या सकाळपर्यंत म्हणावं… आणि तिथे पॅनलखालच्या पाटीवर काकाचंही नाव घाल. आधी त्याचं, मग माझं… पूर्ण नाव? विचारून कळवते. एवढ्या मूर्ती केल्या, पण नाव लिहायची वेळ कधी आली नाय त्याच्यावर… हो, हो, अम्मीला सांग विचारलं म्हणून. चल, ठेवते. पॅनल धरायला दोन्ही हात लागतात.