सावरीच्या गाद्या

नलू: तिसरी सुई मोडली, चिंधूभाऊ. आता माही मशीन या रेक्झिनच्या नादी लागत नाई. दाभण आना, हातानंच शिवतो.

चिंधू: हे घ्या. दोऱ्याले मेण लावूनच ठेवलं. टाके खालच्या अंगानं घेजा, वहिनी. वरून भोक राह्यलं की तिथून पाणी जाते आत.

नलू: निळं एक, लाल एक, आन हा पिवळा तुकडा कोन्या ट्रकातला, देव जाणे. बोट आहे का गोधडी?

चिंधू: कारंज्याच्या सीटवाल्याकडं गेलतो. त्याच्या दुकानात खाली पडलेली कातरणं होती, फुकट देल्ली बिचाऱ्यानं. फुकटच्याले रंग कोन इचारते? नवं रेक्झिन घ्याचं म्हटलं तर पहिले बोट इकावी लागीन.

नलू: मंग फुकटचं आणखी एक घ्या. ते पोतं पाहा दारात. घरचा कापूस आहे, पिंजून आणला. चार गाद्या भरून उरन.

चिंधू: नाई. कापूस नाई.

नलू: काऊन? दोन महिने तुमी काटेसावरीखाली बोंडं येचत फिरले. मिशीले सावरीची म्हातारी चिकटलेली, पोरं मांगं मांगं. अख्खं गाव हासलं. एवढं करून भरल्या किती? दोन. सोमवारी पल्याडचं हायस्कूल उघडते. माही मीरा, मंग हरिभाऊची पोरगी, वरच्या आळीतली चार लेकरं. उरलेल्या दोन गाद्या कवा भरान?

चिंधू: बसतीन फळीवर.

नलू: बाप बुडून वरीस नाई झालं, आन पोरीले मी त्याच नदीत फळीवर बसवू? मी इथं सकाळपासून कायले बसली, तुमची बोट सजवाले? माह्या हातच्या गादीवर पोरगी बसली म्हणजे माह्या जिवाले थोडं बरं वाटन, म्हणून.

चिंधू: समजते मले.

नलू: समजते तर पोतं घ्या. ते पाहा, कोपऱ्यात जुनी पडली आहे. तीच उसवतो, तिचं माप सापडन.

चिंधू: तिले हात नका लावू.

नलू: बाप्पा, ओली आहे हो ही. अख्खा उन्हाळा गेला, आन दाबली तर पाणी निंघते.

चिंधू: वाळत नाई ती. चैतात छपरावर टाकून पाह्यली. वरून कडक होते, आत तशीच. दुपारी घरात कोनी नसलं का ठिबकल्याचा आवाज येते मले. उठून पाहतो तर भुई कोरडी.

नलू: मंग फेकाची ना. घरात कायले ठेवली?

चिंधू: फेकली होती. दोनदा. दोन्ही डाव मीच जाऊन उचलून आणली.

नलू: तुमालेही काहीतरी होऊन राह्यलं म्हणजे. मले वाटे मीच येडी झाली. कोनाले सांगतलं नाई मी, तुमाले सांगतो. दुपारी डोळा लागला का मीराचे बाबा येतात. दारात उभे राह्यतात, धोतर ओलं. दोन्ही हातानं काहीतरी छातीशी धरलेलं. मी म्हणतो, ठेवा ना ते खाली, घरात या. ठेवतच नाई. लेकरू धरल्यासारखं धरून राह्यतात. कोनाचं लेकरू असन, हेच इचार करतो मी दिवसभर. काऊन हो, खाली काऊन बसले तुमी?

चिंधू: लेकरू नोहे ते, वहिनी.

नलू: मंग?

चिंधू: तुमच्या हाताखाली आहे ते.

नलू: ही गादी?

चिंधू: कार्तिकात पाणी उतरलं तवा माह्या जाळ्यात आली. कोनालेच दाखवली नाई मी.

नलू: नीट सांगा. पहिलेपासून.

चिंधू: ऐंशीच्या दिवाळीत धरणावरच्या लिलावात बोट घेतली. तिथला बाबू म्हणे, चिंधू, या गाद्या नुसत्या बसाले नाई. बोट उलटली तर मानसानं छातीखाली घ्याची, तरते. आतली सावर उंदरांनी कुरतडली होती, मी ती फेकली. दिवाळीत सावर आणू कुठून? ती चैतात फुटते. घरोघरी मात्र कापसाचे ढीग, कोनीही पोतंभर देल्ला असता. म्हटलं, कापूस तो कापूस. पऱ्हाटीचा का सावरीचा, पाण्याले काय समजते.

नलू: मंग?

चिंधू: आषाढात बोट कलंडली तवा आमी दोघं एका वल्ह्याले धरून होतो. वल्हं दोघांले झेपेना. मीच ओरडलो, रूपरावभाऊ, वल्हं सोडा, गादी धरा, गादी तरते.

नलू: त्यायनं सोडलं?

चिंधू: लगेच. मान हालवली माह्याकडं पाहून, आन गादी घेतली छातीशी. पहिले तरली, वहिनी. खरंच तरली. मंग पाणी पेत गेली. मी म्हटलं, सोडा आता, सोडा. नाई सोडली. मी सांगतलं होतं ना तरते म्हणून.

नलू: तेरवीले पहिलं पान तुले वाढलं मी.

चिंधू: हो.

नलू: म्हटलं, शेवटी त्यायच्याजवळ हाच मानूस होता. आग्रह करून करून वाढलं. आन तू जेवला.

चिंधू: जेवलो. उठता येईना मले.

नलू: दहा महिने रस्त्यानं भेटत होता. आजच काऊन सांगतलं?

चिंधू: तुमी कापसाचं पोतं आणलं म्हणून. आज तोंड बंद ठेवलं असतं, तर मीरा कापसावर बसली असती.

नलू: ती नवी उचल. सावरीची. डोहावर चाल.

चिंधू: कायले?

नलू: सावर तरते हे तुले त्याच बाबूनं सांगतलं ना? मी आता बाबूचं ऐकत नाई आन तुयंही ऐकत नाई. तरली तर मीरा सोमवारी बोटीत बसन. नाई तर शाळा सुटली तिची. चाल.

(डोहाच्या काठावर. नलू गादी छातीशी धरून पाण्यात.)

चिंधू: वहिनी, तिथून पुढं पाय टेकत नाई. कमरेले दोर तरी बांधू द्या.

नलू: त्यायले बांधलता दोर?

चिंधू: नाई.

नलू: मंग काठावरच राह्य. सुटले माहे पाय.

चिंधू: हात ढिले सोडा. मान वर ठेवा. आंग टाकून द्या तिच्यावर.

नलू: टाकलं.

चिंधू: तरते, वहिनी.

नलू: बोलू नको.

चिंधू: चांगली तरून राह्यली. टाक्यातून थेंब गेला नाई. या आता बाहेर.

नलू: ते किती वेळ धरून होते?

चिंधू: वहिनी, बाहेर या.

नलू: किती वेळ होते, चिंधू?

चिंधू: एक बिडी जळते तेवढा.

नलू: मंग पेटव. संपली का सांगजो मले.