पहिला सलाम

सैन्याच्या वैद्यकीय शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला निघालेली थिओडोरा आणि तिचे वडील बसमध्ये बोलत होते. ते ऐकायला पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या ऑर्व्हिलनं हातातलं पुस्तक मिटलं.

"बाबा, माझ्या डॉक्टरकीचा खर्च सैन्य करणार. नंतर काही वर्षं ते पाठवतील तिथं जायचं."

"कुठं पाठवतात, ते माझ्या गुडघ्याला विचार."

"तो वाचवणारीसुद्धा सैन्यातलीच डॉक्टर होती ना?"

"हो. टाके घालताना गुणगुणत होती. वाटलं, मी घरच्या अंगणातच पडलोय."

"मला तशीच डॉक्टर व्हायचंय."

खिडकीबाहेर धुक्यात जहाजं तरंगत होती.

"अधिकारी झालीस की पहिला सलाम ठोकणाऱ्या शिपायाला चांदीचा डॉलर द्यावा लागतो."

"पण मला सलाम ठोकणार कोण?"

"निवृत्त हवालदार चालतो, पोरी," स्वतःच्या छातीवर बोट ठेवत बाबा म्हणाले. "नाणं मात्र चकचकीत आण."