फाट्यावरचा थांबा

(पोंभुर्ण्याच्या बाजारगल्लीतलं खुर्शीद पेंटरचं दुकान. भर दुपार. शेजारच्या गावच्या रुखमाबाई दारातच उभ्या आहेत. आत बाकावर रस्त्याच्या गँगमधला मजूर मुखरू बसला आहे. बाईंना पाहून त्याची बिडी हातातच राहिली.)

रुखमाबाई : बसाले नाई आली मी. इतकंच सांग, आमच्या फाट्यावरची ती लाल पाटी तूच लिवली ना?

खुर्शीद : मीच लिहिली, बाई. खाली कोपऱ्यात नावबी आहे माझं, बारीक.

रुखमाबाई : मंग चाल, करिष्माचा हात पाहून ये. खांद्यापासून प्लास्टर हाये. दहावीची परीक्षा पंधरा दिवसावर आली माह्या नातीची.

खुर्शीद : या अल्ला! कोणता हात?

रुखमाबाई : उजवा.

खुर्शीद : झालं काय पण?

रुखमाबाई : परवा सकाळी शाळेत जावाले एसटीची वाट पाहत उभी होती. तुह्या पाटीखाली. बांबूचा ट्रक वळला. ट्रक गेला बराबर, पण मागं निंघालेले बांबू झाडू फिरवल्यावानी कडेले आले. पोरगी फेकल्या गेली. हातावर निभावलं म्हून आज इथी उभी हावो मी.

खुर्शीद : बाई, वाईट वाटलं, खरंच सांगतो. पण पाटी तं ट्रकवाल्याइसाठीच होती! फाट्यावर थांबा, दोन्हीकडं पाहा, मंग वळा. रस्त्याच्या सायबानं चिठ्ठीवर एकच शब्द देला, 'थांबा'. मी लिहिला. तुमी तं चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राह्यल्या.

मुखरू : चिठ्ठी मीच आणली होती. खड्डाबी मीच खोदला. दोन फूट, मोजून.

रुखमाबाई : तुले कोनं विचारलं रे, मुखरू?

खुर्शीद : पण ती पाटीखाली काऊन उभी होती? एसटी तं पुढं चिंचेजवळ थांबे ना तुमची?

रुखमाबाई : थांबे. आता सारं गाव फाट्यावर उभं राहते. थांबा लिवला हाये ना तिथी!

खुर्शीद : थांबा म्हणजे...

मुखरू : एसटीचा थांबा समजले, खुर्शीदभाऊ. मी रोज पाहतो. पंधरा-वीस जण, टोपले-गिपले घेऊन. मले वाटलं, सायबानंच थांबा हलवला असन.

खुर्शीद : अन् एसटीचा ड्रायव्हर?

मुखरू : लोकं हात दाखवते, तो थांबते. त्याले वाटलं असन, डेपोतून हुकूम निंघाला.

खुर्शीद : अन् ट्रकवाले?

मुखरू : ते कायले थांबते? आर्धे तेलगूवाले, त्याइले वाचताच येत नाई. एका हिंदीवाल्यानं वाचलं, तं मले म्हणते, 'खंबा लिखना था क्या, भैया?'

खुर्शीद : वा रे माझी पेंटिंग! ज्याच्यासाठी लिहिलं त्याले समजलं नाई, अन् ज्याले समजलं...

रुखमाबाई : बोलत नको बसू. उद्या सकाळी तिथी पुन्हा वीस जण उभे राह्यतीन. पुसून टाक तो शब्द. लिव, 'इथी थांबू नका'.

मुखरू : मंग तं ट्रकवाल्याइची दिवाळी! सरकारच म्हणते, थांबू नका.

रुखमाबाई : दात काढू नको.

मुखरू : नाई काढत, काकी. पण सरकारी पाटीले ब्रश लागला तं माही नोकरी जाईन. सायबाले अर्ज द्या.

रुखमाबाई : अर्ज! तवरोक आणखी कोनाची पोरगी धाडू मी दवाखान्यात?

खुर्शीद : बाई, एक विचारू? रागावू नका. पाटीवर एसटी कुठीच लिहिलं नाई. मंग हा एसटीचा थांबा आहे, असं गावात पहिल्यांदा कोणं म्हटलं?

रुखमाबाई : ...पाणी दे जरा.

खुर्शीद : घ्या. अन् बसा आता.

रुखमाबाई : मीच म्हटलं. साक्षरतेच्या वर्गाले जात होती ना मी. करिष्माच शिकवे आमाले. साबणाचे कागद, लगनाच्या पत्रिका, सारं वाचून घे माह्याकडून. पण रस्त्यावर, कोनाले न विचारता वाचलेला तो पहिला शब्द माहा. थां... बा. अशी हरिकली मी! घरी येऊन म्हटलं, पोरी, आता चिंचेपरेंत पायपीट नको, फाट्यावरच थांबा झाला.

खुर्शीद : अन् ती काय म्हणे?

रुखमाबाई : म्हणे, आजी, ते गाड्याइसाठी असन. मी फुगली. म्हटलं, हो, मले कायले वाचता येते! तं दुसऱ्या दिवसापासून गुमान तिथी उभी राहू लागली. माह्या मनासाठी, खुर्शीद. तिले पाहून सारं गाव आलं.

खुर्शीद : तुमी बराबरच वाचलं, बाई. शब्दच दोन कामाचा निंघाला. माझी उमर गेली अक्षरं काढण्यात, मले कळाले पाहिजे होतं.

मुखरू : माहं आयका. पाटीच्या बुडाले मी आजच काट्याच्या फांद्या टाकतो. साफसफाईत येते ते, कोनी विचारत नाई. मंग तिथी कोनी उभंच नाई राहत.

खुर्शीद : अन् चिंचेखाली नवी पाटी. पत्रा आहे माझ्याकडं.

मुखरू : ती जागा गावाची हाये. आज संध्याकाळीच गाडतो. दोन फूट.

खुर्शीद : ट्रकवाल्याइसाठी अर्जात लिहितो, वळणाच्या आधी गतिरोधक पाहिजे. तो वाचा लागत नाई, कंबरेले समजते. अर्जावर सही तुमची, बाई.

रुखमाबाई : सही येते मले.

खुर्शीद : माहीत आहे. आता हे पाहा, पत्र्यावर खडूनं लिहिलं. वाचा.

रुखमाबाई : मी नाई वाचत. माह्या वाचण्यानंच झालं सारं.

खुर्शीद : तुमी वाचल्याशिवाय मी ब्रश बुडवत नाई.

रुखमाबाई : ...'एसटी... येथे... थांबते.'

खुर्शीद : यातून दुसरं काही निंघते का?

रुखमाबाई : थांब. आणखी एकडाव वाचू दे.