चौदावी मांडणी

(नाशिक, इंदिरानगर, १९९९. टाइपिंग-छपाईचं छोटं दुकान. दुपारी वहिनी सुवर्णा आणि नणंद शुभांगी एकाच कॉम्प्युटरसमोर.)

शुभांगी : वहिनी, मी ‘र’ दाबला आन् ‘क’ उमटला. माझं बिघडलं का मशीनचं?

सुवर्णा : दोघंही ठणठणीत आहात. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली मी ‘क’ ठेवलाय. ‘र’ डावीकडे, वरच्या ओळीत.

शुभांगी : मी देवळ्यात टायपिंगची चाळीसची परीक्षा पास झाले तवा ‘र’ तिथंच व्हता. आन् बटणांवर अक्षरं का नाय?

सुवर्णा : स्पिरिटने पुसली. बघून टाइप करायची सवय लागू नये म्हणून.

शुभांगी : कुणाला?

सुवर्णा : मलाच. दुसरं कोण बसतं इथे?

शुभांगी : पण चांगलं चाललेलं बदलायचं कशापायी?

सुवर्णा : जे अक्षर जास्त येतं ते जवळच्या बोटाला द्यायचं. शास्त्रीय पद्धत आहे. आधी दहा हजार अक्षरं मोजली, मग प्रोग्राम लिहिला. संख्याशास्त्रात एम.एस्सी. कशाला केलंय?

शुभांगी : मोजली कुठून?

सुवर्णा : हाताशी होतं त्यातून. दर आठवड्याला आपण छापतो त्या बाजारभावाच्या पत्रकांतून.

शुभांगी : म्हंजी सगळी कांद्याची अक्षरं मोजली तुम्ही!

सुवर्णा : हो. हे माझ्या लक्षात यायला पाच महिने लागले. ‘उन्हाळ कांदा, चांदवड’ डोळे मिटून उमटतं. लग्नपत्रिकेत ‘आशीर्वाद’ आला की मी आधी चहा मागवते.

शुभांगी : अगं बाई!

सुवर्णा : हस, हस. ‘शुभविवाह’ला माझे दोन्ही हात एकमेकांवरून जातात.

शुभांगी : दादा तरी शिकला का हे?

सुवर्णा : तिसऱ्या मांडणीपर्यंत आला होता. मग मी चौथी केली.

शुभांगी : आता कितवी चालू हाय?

सुवर्णा : चौदावी.

शुभांगी : आन् कामाला ठेवलेली ती पूजा?

सुवर्णा : चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी निरोप आला, आई आजारी आहे. त्याच संध्याकाळी आई भाजीची पिशवी घेऊन दुकानासमोरून गेली.

शुभांगी : वहिनी, उद्या चांदवडच्या कॉलेजात तुमची मुलाखत. उद्याच चारच्या आत बाजारभावाचं पत्रक जायला पायजे. म्हणून दादानं मला देवळ्याहून बोलावलं. हे असलं एका दुपारात यायचं नाय मला.

सुवर्णा : येईल. तीन तास आहेत. नाहीच आलं तर मी थांबेन. जागा काय, पुन्हा निघतात.

शुभांगी : मार्चातल्या मुलाखतीलाबी हेच म्हणालात.

सुवर्णा : त्या दिवशी पत्रक होतं.

शुभांगी : पत्रक दर बेस्तरवारी असतंय. आधीची मांडणी टाकून दिली का?

सुवर्णा : नाही, आहे ना. माझी फाइल काढायची, मशीन बंद करून चालू करायचं. दोन मिनिटं.

शुभांगी : दोन मिन्टं! आन् मला तासभर बोटं मोडाया लावली?

सुवर्णा : हो.

शुभांगी : पहिली मांडणी कधी केली, वहिनी?

सुवर्णा : मागच्या ऑगस्टमध्ये.

शुभांगी : आन् ती पहिली मुलाखत?

सुवर्णा : जुलैमध्ये.

शुभांगी : काय झालं व्हतं तिथं? दादालाबी नाय सांगितलं तुम्ही.

सुवर्णा : पाठ घ्यायला सांगितला. समोर चौघे बसलेले. मी फळ्यावर विषय लिहिला, वळले, आणि आवाजच फुटेना. साडेतीन मिनिटं.

शुभांगी : तीबी मोजली?

सुवर्णा : घड्याळ समोरच होतं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

शुभांगी : मंग?

सुवर्णा : मग घरी आले आणि अक्षरं मोजायला घेतली. माझ्याशिवाय दुकान चालत नाही, हे कारण कुणालाही देता येतं. फक्त ते खरं असायला हवं. म्हणून मी ते खरं केलं. चौदा वेळा.

शुभांगी : लय कष्ट घेतले की!

सुवर्णा : तेवढ्या कष्टात वर्षभराचे पाठ तयार झाले असते.

शुभांगी : काढा ती फाइल.

सुवर्णा : थांब, एका फ्लॉपीवर प्रत ठेवते.

शुभांगी : ठेवा धा. पण मशीन बंद करा आधी.

सुवर्णा : केलं. होतंय चालू. हं, बघ आता.

शुभांगी : आता कसं! पान व्हईल माझं अर्ध्या तासात. तुम्ही बघा की करून.

सुवर्णा : दे. अरे देवा. ही ओळ मी लिहिली? माझ्यापेक्षा पूजा बरी होती.

शुभांगी : सरा तिकडं, तुमचं काम नाय हे. उद्या काय शिकवायचंय?

सुवर्णा : सरासरी आणि मध्यक.

शुभांगी : मंग शिकवा मला.

सुवर्णा : तुला? आत्ता?

शुभांगी : धावीला गणितात पस्तीस पडले व्हते. मला कळलं तर कुणालाबी कळंल.

सुवर्णा : बरं. समजा, एका वर्गात चाळीस मुली आहेत.

शुभांगी : हं.

सुवर्णा : चाळीस मुली आहेत, आणि…

शुभांगी : बोला, वहिनी. मी पत्रकाकडं बघतीय, तुमच्याकडं नाय.