खोक्याची टेप

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गंमत सांगतो. दुष्काळ होता आणि आमच्या कलेक्टर ऑफिसच्या पाण्याच्या टँकरवर अजून 'उस्मानाबाद'च होतं. रहीमचाचा पेंटरनं ते पांढऱ्या रंगानं झाकलं. वर 'लातूर'चा पट्टा सरळ यावा म्हणून मला म्हणाले, "कागदी टेप आण, हलकी."

मी शहाणा. खोकी बांधायची जाड टेप आणली. म्हटलं, लई घट्ट चिकटती! टँकर निघायची घाई, चाचांनी तीच लावली. काम झाल्यावर ओढली, तर पांढरा रंग सोलून आला आणि खालून 'उस्मानाबाद' परत हजर.

माझं तोंड उतरलं. "चाचा, पुन्हा रंगवायचं?"

चाचांनी ब्रश पुसला. "जाऊ दे गाडी, बाबू. घागरी घेऊन उभ्या बाया जिल्हा वाचत न्हाईत."