वाघुरीचे दुसरे टोक

बोरमाळ पोलीस ठाणे, ता. कवठे महांकाळ, जि. सांगली
दिनांक ९ ऑक्टोबर

नाव नानासो भैरू ओलेकर, वय ७६ वर्षे, धंदा सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, सध्या थोडी कोरडवाहू शेती, रा. ओलेकर वस्ती, बोरमाळ.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी ठाण्यात येऊन सहायक पोलीस निरीक्षक अंकिता मॅडम यांच्यासमोर सांगतो ते असे की,

पत्नी वारल्यापासून मी वरील ठिकाणी एकटा राहतो. माझी नोकरी बहुतेक फलटण तालुक्यातील उसाच्या गावांत झाली. आमचे घराणे मात्र पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखणारे. मी चौथीत असताना वडिलांबरोबर मेंढरांमागे जात असे आणि शाळेतल्या कविता मोठ्याने म्हणत असे. पावसाची एक कविता होती, तिच्या चालीवर मेंढरेसुद्धा पाय टाकायची. तशी चाल आता शाळेत राहिलेली नाही. (यापुढील कवितेसंबंधीचा मजकूर गुन्ह्याशी संबंधित नसल्याने घेतलेला नाही.)

काळवीट शिकारीच्या या गुन्ह्यात अटक असलेला सिद्धू हा माझा चुलत पुतण्या. दुसरा अटक इसम अर्जुना हा सिद्धूचा धाकटा भाऊ, वय २० वर्षे. दोघांची आई धोंडुबाई वस्तीवर माझ्या शेजारी राहते. अर्जुना सैन्यभरतीत मैदानी आणि लेखी दोन्हीला पास झाला आहे. त्याची वैद्यकीय तपासणीही झाली आहे. फक्त पोलीस पडताळणी राहिली आहे आणि ती याच ठाण्याकडे आहे.

सिद्धूकडून जप्त केलेली जाळी मला दाखवली. ती मी ओळखतो. ती वाघूर आहे. रात्री मेंढरे बसवली की त्यांच्याभोवती खुंट ठोकून ही जाळी बांधायची, म्हणजे मेंढरू बाहेर जात नाही आणि लांडगा आत येत नाही. तिची उंची माणसाच्या कमरेइतकी असते. दिवाळीनंतर सिद्धू मेंढरे घेऊन आष्ट्याकडे जातो. तिथले शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात. तिथेही हीच वाघूर लागते. पाऊसकाळात तो परत इकडे येतो. माझ्या वडिलांची वाघूर सुताची होती, ही नायलॉनची आहे. बाकी काही फरक नाही.

गेल्या वर्षी पौष महिन्यात दिल्लीहून खासदारांची समिती सांगलीस आली होती. शिकार आणि मोठे संघटित गुन्हे रोखण्याच्या नव्या विधेयकावर लोकांचे म्हणणे ऐकून घेणार, असे वर्तमानपत्रात छापून आले होते. मी विधेयकाचा मराठी मसुदा मिळवून पूर्ण वाचला. त्यात एक कलम असे होते की, राखीव रानाच्या हद्दीजवळ ज्याच्याकडे जाळी सापडेल त्याने ती शिकारीसाठीच बाळगली असे धरले जाईल, आणि असे दोन किंवा अधिक इसम असतील तर ती टोळी समजून जामीन मिळणार नाही. कायदा चांगल्या हेतूने होत होता. आमच्या माळावरची काळविटे मी लहानपणी कळपाने पाहिली आहेत, आता एखादे दिसले तर दिसते. त्यामुळे कायद्याला माझा विरोध नव्हता. मेंढरांची वाघूर तेवढी त्यातून वगळावी, इतकेच मागायचे होते.

सिद्धूचा तळ त्या वेळी आष्ट्यास होता. मी तेथे जाऊन त्यास म्हणालो, "चल, आपण समितीपुढे जाऊ."

त्यावर तो म्हणाला, "आण्णा, आमच्यासारख्याचं कोण ऐकतंय तितं? आन् मेंढरं कुणी बघायची?"

मी म्हणालो, "अरे, कायदा करायच्या आधी ते आपल्याला विचारायला आलेत. याला लोकशाही म्हणतात. मेंढरं अर्जुना बघंल."

अर्जुना तेथेच होता. तो हसून म्हणाला, "जा की दादा. आण्णा तितं कविता म्हणत्याल, तू नुस्ता मान हालीव."

वाघूर बरोबर घ्यावी, असे मी सुचवले. साहेब लोकांनी वाघूर कधी पाहिलेली नसते, डोळ्यांनी पाहिली की त्यांना पटेल, असे मला वाटले. सिद्धूने ती घडी करून पोत्यात घातली. आम्ही दोघे एसटीने सांगलीस गेलो. अर्जुना मेंढरांपाशी आष्ट्यातच राहिला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगत आहे.

समिती एका मंगल कार्यालयात बसणार होती. साहेब लोक एका बागाईतदाराच्या शेतावर हुरड्याला गेले होते, ते बऱ्याच उशिरा आले. आमचा नंबर आला तेव्हा अध्यक्षांनी मला काय शिकवत होता असे विचारले. मी मराठी म्हणालो. ते म्हणाले, "वा, मग एखादी जुनी कविता होऊन जाऊ दे, गुरुजी." मी मेंढरे घरी परतण्याची एक कविता म्हटली. त्यांनी टेबलावर ठेका धरला. त्यांनी आणखी एक म्हणा असे सांगितले, मी आणखी एक म्हटली. एका खासदार बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. नंतर मी कलमाबद्दल बोलू लागलो, तेव्हा वेळ झाली, लेखी द्या, असे सांगण्यात आले.

त्या वेळी सिद्धू मध्येच बोलला, "सायेब, एक मिंट. ही वाघूर हाय. ही लावायची म्हंजी मेंढरं आत ऱ्हात्यात. हिच्यात शिकार न्हाई गावत. हरणाची एक उडी आन् हरीण पल्याड."

एक खासदार म्हणाले, "तुला बरं माहीत हरीण किती उडी मारतं."

त्यावर सगळे हसले. सिद्धूही हसला.

अध्यक्ष म्हणाले, "दाखव बघू कशी लावतात." म्हणून आम्ही ती व्हरांड्यात उलगडली. एक टोक सिद्धूने धरले, दुसरे मी. समितीबरोबर आलेला फोटोग्राफर म्हणाला, "अशी नको, काहीच कळत नाही. वर धरा. अजून वर. ताणा." मी म्हणालो की ती कमरेइतकीच लावतात. तो म्हणाला, "आजोबा, फोटो चांगला येऊ दे." मग आम्ही हात डोक्याच्या वर नेले. फोटो झाल्यावर आम्हाला चहा मिळाला. परत येताना एसटीत सिद्धू म्हणाला, "आण्णा, आपलं ऐकलं वाटतंय." मलाही तसेच वाटले.

समितीचा अहवाल निघाल्यावर मी तो मागवून घेतला. त्यात लोकांच्या सूचनांचा आदरपूर्वक विचार केला, असे एक वाक्य आहे. कलम होते तसेच आहे. शेवटच्या पानांवर आमचा फोटो छापला आहे. त्याखाली "या भागात शिकारीसाठी वापरली जाणारी जाळी" असे लिहिले आहे. ते चूक आहे असे मी तीन पत्रांनी कळवले. एकाचे उत्तर आले, त्यात माझे आभार मानले होते. कायदा यंदाच्या उन्हाळ्यात लागू झाला.

गेल्या आठवड्यात दिवस मावळताना माझ्या घरावरून एक उघडी जीप राखीव रानाकडे गेली. तीत चौघे होते. गाडी सातारा पासिंगची होती. थोड्या वेळाने बंदुकीचा बार झाला. मी जीपचा नंबर सांगितला. तो तपासाचा वेगळा भाग असल्याने या जबाबात घेता येत नाही, असे मला सांगण्यात आले. जीप कोणाची आहे हेही मी सांगितले. तेही घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानाच्या कडेला काळवीट मरून पडलेले मिळाले. शिंगे कापून नेलेली होती. मी स्वतः पाहिले. त्याच्या मानेला गोळीचे भोक होते. जाळीत धरून मग गोळी घातली असावी, असे तपासात निघाल्याचे मला सांगण्यात आले. सिद्धूचा तळ तेथून जवळच्या माळावर होता आणि वाघूर मेंढरांभोवती लावलेलीच होती. पोलिसांनी ती सोडवून नेली. त्या रात्री मेंढरे मोकळी बसली आणि लांडग्याने दोन नेली. त्याबद्दल धोंडुबाई तक्रार द्यायला आली होती. लांडगा संरक्षित प्राणी आहे, असे तिला ठाण्यात सांगण्यात आले.

काल अर्जुनालाही अटक झाली. कारण विचारले असता अहवालातील फोटो मला दाखवण्यात आला. फोटोत सिद्धूचा चेहरा स्पष्ट आहे. दुसऱ्या बाजूचा माणूस कापला गेला आहे. पांढरी बाही, वर धरलेला हात आणि जाळीचे टोक एवढेच दिसते. तो हात अर्जुनाचा आहे, म्हणून दोघे मिळून टोळी होते, असे पोलिसांचे म्हणणे आहे.

तो हात माझा आहे.

फोटोतल्या मनगटावर पांढऱ्या तबकडीचे घड्याळ आहे. मी निवृत्त झालो तेव्हा सातवीच्या मुलांनी ते मला दिले. आत्ताही ते माझ्या हातात आहे. मी ते फोटोशेजारी ठेवून दाखवले. अर्जुना घड्याळ वापरत नाही. तो त्या दिवशी आष्ट्यास होता, हे तेथील शेतकरी सांगतील.

यावर अंकिता मॅडम यांनी टंकलेखन थांबवून विचारले, "गुरुजी, हे लिहू का खरंच? हे लिहिलं तर तुम्ही साक्षीदार राहणार नाही."

मी म्हणालो, "लिहा. पण मग अर्जुनाला सोडा. त्याची पडताळणी आहे."

त्या म्हणाल्या, "तसं होत नाही गुरुजी. फोटोतला हात तुमचा निघाला म्हणून अर्जुना टोळीत नव्हता असं सिद्ध होत नाही. माळावर वाघूर लावायला तो होताच की. आधी दोघं होते, आता तिघं झाले."

मी विचारले, "आणि जीपमधले चौघे?"

त्यांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग त्या म्हणाल्या, "आवं गुरुजी, अजून वेळ आहे. हात कुणाचा ते आठवत नाही म्हणा. तुमचं वय बघून कोण काय म्हणणार नाही."

धोंडुबाई त्या वेळी दारापाशी बसून होती. ती म्हणाली, "भावजी, आसंच म्हणा. माजी दोन पोरं आत हायती. आता तुमी कशाला आन् आत जाताय? भायेर कुणीतरी ऱ्हाऊ द्या की आमचं."

मी तिला म्हणालो की, वहिनी, मी खोटे बोललो तर तो हात कायमचा अर्जुनाचाच राहील. आज सोडला नाही तरी उद्या कोणीतरी न्यायाधीश हा कागद वाचेल. यावर ती उठली. पदर तोंडाला लावून व्हरांड्यात जाऊन बसली. मला आठवत नाही, असे मी सांगत नाही. मला सगळे आठवते. समितीपुढे मी कोणत्या दोन कविता म्हटल्या तेही आठवते. त्या येथे नमूद कराव्यात, अशी विनंती केली असता ती नाकारण्यात आली.

घड्याळ पुरावा म्हणून काढून घेतले आहे. त्याची पावती मिळाली.

हा मजकूर संगणकावर टंकून मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. मी बोललो तसाच तो आहे. जे घेतले नाही ते कोठे घेतले नाही, हेही त्यात आले आहे. सही करताना खाली "साक्षीदार" असा शब्द होता. तो काढण्यास मला सांगण्यात आले. त्या जागी काय लिहायचे ते वरिष्ठांना विचारून ठरवण्यात येणार आहे. तोपर्यंत जागा मोकळी ठेवून मी सही केली.

(सही)
नानासो भैरू ओलेकर

समक्ष
सहायक पोलीस निरीक्षक, बोरमाळ पोलीस ठाणे