सरांचं पाणमांजर

मंडळी, हातातली कामं टाकून तुम्ही सरांच्या शोकसभेला आलात. मी गोदावरीत जाळं टाकणारा माणूस. चारचौघांत बोलायची मला सवय न्हाई. पण आज बोलणार. समोर बसल्यात त्या बाई, सरांच्या पत्नी, त्यांनी परवा मला एक सवाल केला, अन् मी खाली मान घालून निघून आल्तो.

विनायक सर आपल्या शहागडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, हे सगळ्यांना ठाऊक. पण दर रविवारी सकाळी ते माझ्यासंगं डोहाकाठी बसायचे, हे कितीजणांना ठाऊक? बारा वर्षं बसले. पाणमांजर दिसावं म्हणून.

वहीत दोन रकाने पाडले होते त्यांनी. एकात दयाळ, आपल्या बाभळीवर सकाळी शीळ घालतो तो. दुसऱ्यात पाणमांजर. मला समजावून सांगायचे, "किसनराव, दयाळ पक्षी वर्गातला, अंडी घालतो. पाणमांजर सस्तन, पिलांना दूध पाजतं. अन् मांजराच्या कुळातलं बिलकुल नाही, बरं का." मी म्हणायचो, "सर, मासे तर मांजरावानीच चोरतं की." लई हसायचे. खालच्या ओळीत, जात टिकेल का ह्याबद्दल, दयाळाच्या रकान्यात लिहिलं होतं, चिंता नाही. पाणमांजराच्या रकान्यात, धोक्यात.

बाईंचा सवाल एवढाच होता, "ह्यांना ते कधी दिसलं का हो?"

न्हाई दिसलं, बाई. दिसणारच नव्हतं. सर बदली होऊन इथं आले, त्याच्या आदल्या वर्षी मीच ते मारलं. सारखं जाळं फाडायचं, डोकं फिरलं माझं. त्याच्यानंतर आपल्या डोहात दुसरं आलंच न्हाई.

मंग का न्हाई सांगितलं? सांगितलं असतं तर सर यायचे बंद झाले असते. मला दुसरं कोण किसनराव म्हणतं, मंडळी? माझ्या फडक्यातली भाकर कोण मागून खातं? दर रविवारी ठरवायचो, आज सांगून टाकू. सर लांबून येताना दिसले की भाकरीचं फडकं सोडायला बसायचो.

गेल्या रविवारी एकलाच गेल्तो. दयाळ बोलत होता. पाणमांजर येणार न्हाई हे मला बराबर ठाऊक, तरी ऊन वर येईस्तवर पाण्याकडंच बघत राह्यलो. सरांची लई आठवण आली.

आता माफी कुणाकडं मागू? मला अजून एक रविवार पाहिजे होता, एकच.

उभे राहा, मंडळी. दोन मिनिटं सरांसाठी गप राहू. मी बारा वर्षं गप राह्यलो, ते मात्र ह्यात धरू नका.